हत्यारांची पेटी पोलिसांनी नेली तर : बेळगाव सीमाभागातल्या कारागिरांसाठी

सुतार आपल्या पटाशी-रंध्याला हत्यारं म्हणतो, गवंडी थापी-ओळंब्याला. आपल्या तोंडात बसलेला शब्द आहे तो. पण रात्री साडेदहाला नाक्यावर पोलिसाने बॅटरीचा झोत पिशवीवर टाकून "काय आहे आत?" विचारलं आणि आपण सवयीने "हत्यारं हाईत साहेब" म्हणालो, की समोरच्याच्या डोक्यात पटाशी येत नाही, तलवार येते. माझ्या भाच्याचं तेच झालं. शिनोळीकडच्या एका शेडचं काम संपवून तो मोटरसायकलवरून बेळगावला परतत होता. पिशवीत ड्रिल मशीन, छोटा ग्राइंडर, पहार, दोन पटाश्या, पक्कड. "उद्या स्टेशनला येऊन घेऊन जा" एवढं सांगून पिशवी ठेवून घेतली. कागद कुठलाच दिला नाही, यानेही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी गेला तर रात्रपाळीवर असलेले कुणीच तिथे नव्हते आणि पिशवीची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. तीन आठवडे हेलपाटे झाले. ती पिशवी आजतागायत मिळालेली नाही.

त्यानंतर मी वकिलांकडे बसलो, कोर्टात इतरांचे अर्ज कसे जातात ते पाहिलं. तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला त्यातून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो. पोलिसांना तपासणीचा अधिकार आहे, काही वेळा सामान ताब्यात घेण्याचाही आहे. पण नोंद न करता नेण्याचा अधिकार कुणालाच नाही. सगळी धडपड त्या नोंदीसाठी करायची. सामान गेलं तरी कागद असेल तर ते परत मिळतं.

घरातून निघण्याआधी

एखाद्या रविवारी अर्धा तास काढा. सगळं सामान चादरीवर पसरा आणि मोबाइलने फोटो काढा : एक सगळ्याचा मिळून, मग प्रत्येक मशीनचा वेगळा. मशीनच्या पट्टीवर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, तो स्पष्ट वाचता येईल असा फोटो हवा. पट्टी घासून गेली असेल तर अंगावर स्वतःचं नाव किंवा खूण कोरून घ्या. पटाशीच्या मुठीवर, पहारीवर, पान्यावरही खूण करा. हे फोटो घरच्या कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, म्हणजे तारखेसह राहतात. मशीनचं बिल असेल तर त्याचाही फोटो. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे जाऊन दुसरी प्रत मागा. खडेबाजार किंवा गणपत गल्लीतले ओळखीचे दुकानदार जुन्या वहीतून शोधून देतात.

एका कागदावर सामानाची यादी आपल्याच हाताने लिहा, दोन प्रती करा. एक पेटीत, एक घरी.

ओळख पटवणारा कागदही जवळ असू द्या. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनवणारे, शिंपी, न्हावी वगैरे. नोंदणी केलेल्याला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतही मिळते. नाक्यावर हे ओळखपत्र फार उपयोगी पडतं. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या अठरात नाहीत. त्यांनी ई-श्रम कार्ड किंवा कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड ठेवावं. जिथे काम चालू आहे त्या मालकाचा किंवा कंत्राटदाराचा फोन नंबर हाताशी ठेवा. "साहेब, यांना फोन लावून विचारा" म्हणता आलं, तर अर्धी शंका तिथेच मिटते.

गाडीचे कागद पूर्ण असणं या सगळ्याच्या आधी येतं. लायसन्स, आरसी, विमा डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी नियमाने चालतात. बऱ्याच वेळा गोष्ट सुरू होते हेल्मेटवरून आणि संपते ग्राइंडरवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली नोंदणी, परमिट किंवा लायसन्स नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते. गाडीतलं कामाचं सामान त्या कलमात येत नाही. गाडी ठेवून घेतली तरी पेटी उतरवून नेऊ द्या असं नम्रपणे सांगा, आणि नकार मिळाला तर तो कागदावर मागा.

नाक्यावर

पहिल्यांदा बघा, पोलीस कोणत्या राज्याचे आहेत. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची कर्नाटकात, पुढे शिनोळी महाराष्ट्रात. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोगनोळी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. तक्रार कुणाकडे, अर्ज कोणत्या कोर्टात, हे सगळं यावर ठरतं. गणवेशावरचं नाव वाचा, जीपचा नंबर बघा, वेळ लक्षात ठेवा.

मग बोलणं. "हत्यारं" हा शब्द टाळा, "कामाचं सामान" म्हणा. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर दोन वाक्यं पाठ असू द्यात : "साहेब्रे, इवु नन्न केलसद सामानु" म्हणजे हे माझ्या कामाचं सामान आहे, आणि "रसीदि कोडि" म्हणजे पावती द्या. आपल्या भागात भाषेवरून मन चटकन ताणलं जातं, दोन्हीकडून. विशेषतः १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास आणि डिसेंबरमध्ये सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटकच्या विधानभवनात, अधिवेशन असतं तेव्हा बंदोबस्त जास्त असतो, पोलीसही अनेक दिवस रस्त्यावर उभे असतात. अशा वेळी त्यांच्या भाषेतलं एक वाक्य मोठं काम करतं. यात आपली मराठी कमी होत नाही.

शंका नेमकी कशाची असते हे समजलं तर उत्तर नीट देता येतं. रात्रीची पहार आणि ग्राइंडर पाहून पोलिसाला घरफोडी आठवते. दोन्ही राज्यांच्या पोलीस कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची साधनं समाधानकारक कारणाशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. "समाधानकारक कारण" हेच तुमचं बळ : कुठून आलो, कुणाच्या कामावर होतो, मालकाचा नंबर हा. तांब्याच्या तारेचं वेटोळं जवळ असेल तर ते कुणी दिलं, कुठे बसवायचं, हे सांगता आलं पाहिजे. तारेची चोरी सगळीकडे चालते आणि संशय आधी इलेक्ट्रिशियनवर येतो.

पात्याच्या लांबीवरूनही अडवतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्याच नियमाने वगळली आहेत. वाकस, करवत, रंधा, कोयता ही कामाची साधनं आहेत. हे शांतपणे सांगा. वाद घालू नका.

मोबाइलवर चित्रीकरण करायचं का, हे बरेच जण विचारतात. माझं मत : पोलिसाच्या तोंडापुढे फोन धरू नका. ढकलाढकली झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली, म्हणजे सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल, तुमच्यावरच गुन्हा येईल. त्याऐवजी त्यांच्याच चित्रीकरणाबद्दल विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण पोलिसांनीच करायचं आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. "साहेब, व्हिडिओ काढताय ना?" एवढा साधा प्रश्न पुष्कळ असतो.

सामान ठेवून घेतलं तर

इथे घाई करू नका. रात्र आहे, थंडी आहे, घरी जायचंय, हे सगळं खरं. पण याच दहा मिनिटांत सगळं ठरतं.

कायद्यात "जागा" या शब्दात वाहनही येतं. गुन्ह्याच्या तपासात विनावॉरंट झडती घ्यायची तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवायची असतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवी. वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार कलम १०६ मधला आहे, आणि तो दोनच प्रकारांत आहे : वस्तू चोरीची असल्याचा संशय, किंवा गुन्हा झाल्याचा संशय येईल अशा परिस्थितीत ती सापडणं. घेतली की दंडाधिकाऱ्याला लगेच कळवायचं असतं. झडतीला परिसरातले दोन पंच, सापडलेल्या वस्तूंची यादी, त्यावर पंचांच्या सह्या, आणि यादीची प्रत ज्याच्याकडून घेतलं त्याला, ही रीत कलम १०३ मध्ये आहे.

आपल्याकडे पंचनाम्याला "महजर" म्हणतात, तो शब्द ऐकला तर गोंधळू नका. कर्नाटकात जप्त सामान "पी.एफ." म्हणजे प्रॉपर्टी फॉर्मवर चढवतात आणि त्याला नंबर पडतो. कोर्टातला तुमचा सगळा अर्ज या नंबरावर उभा राहतो. म्हणून तीन गोष्टी मागा : महजराची प्रत, पी.एफ. नंबर, आणि गुन्हा नोंदवला असेल तर त्याचा क्रमांक. "पी.एफ. सकाळी पडेल" असं उत्तर आलं, तर साध्या कागदावर यादी, तारीख, ठाण्याचा शिक्का आणि सही मागा. तेही नाकारलं, तर आपल्या जवळची यादी काढा, तिच्यावर जागा, वेळ, जीपचा नंबर आणि नाव लिहा, फोटो काढून घरी पाठवा. रस्त्यावर उभं राहूनच हे करा. घरी गेल्यावर वेळेत चूक होते.

सही मागितली तर कागद वाचा. कन्नड येत नसेल तर सहीच्या वर मराठीत लिहा : "मला कन्नड वाचता येत नाही. मजकूर मला मराठीत सांगितला" किंवा "सांगितला नाही", जे खरं असेल ते. तोंडी सांगायचं तर "ननगे कन्नड ओदलु बरुवुदिल्ल." यादीत "एक पिशवी, जुनं सामान" असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी प्रत्येक वस्तू सिरियल नंबरासह लिहून घ्यायला सांगा. "जुनं सामान" मधून नवं ड्रिल मशीन परत मिळत नाही. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

आणि पैसे. "पाचशे टाक, ने" असं झालं तर काय, हे मी टाळून पुढे जाणार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून लाच देणाराही दोषी आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. कर्नाटकात तक्रार लोकायुक्त पोलिसांकडे, महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, १०६४ वर.

पुढचे दोन-तीन दिवस

दुसऱ्याच दिवशी, एकटे न जाता, शेजारी किंवा मुकादम बरोबर घेऊन ठाण्यात जा. हातात लेखी अर्ज, दोन प्रती. मजकूर एवढाच पुरे :

"मी व्यवसायाने सुतार. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी आपल्या पोलिसांनी माझं सोबतच्या यादीतलं कामाचं सामान ताब्यात घेतलं. मला पावती मिळाली नाही. हे सामान माझ्या मालकीचं असून फोटो आणि बिल जोडलं आहे. सामान कोणत्या कलमाखाली, कोणत्या गुन्ह्यात घेतलं ते लेखी कळवावं आणि नोंदीची प्रत द्यावी, अथवा सामान परत करावं. त्या वेळचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं ही विनंती."

अर्ज मराठीत चालतो. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. खाली कन्नड भाषांतर जोडलं तर काम लवकर होतं, एवढंच. सीसीटीव्हीची ओळ मुद्दाम घातली आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, राखायला सांगितलं आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने ठाण्याला आणि वरिष्ठांना पाठवा : बेळगाव शहरात पोलीस आयुक्त, खानापूर-निपाणी-चिक्कोडीकडे जिल्हा पोलीस अधीक्षक. पोस्टाची पावती जपा.

गुन्हा नोंदवला आहे का, हे पोलिसांच्या संकेतस्थळावरही दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे एफआयआर साधारण २४ तासांत तिथे चढवायचा असतो, फक्त संवेदनशील गुन्हे वगळून.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार आहे. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, फी १० रुपये. एवढंच विचारा : अमुक तारखेला अमुक ठाण्याच्या पी.एफ. रजिस्टरमध्ये नोंदलेल्या वस्तूंची प्रत.

कोर्टातून सामान सोडवणं

नोंद झाली असेल तर इथून वाट सरळ आहे. खटला चालू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७, सामान कोर्टासमोर आलेलं नसेल पण जप्ती कळवलेली असेल तर कलम ५०३. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं ४५१ आणि ४५७ असतात, ती हीच. अर्जाबरोबर यादी, फोटो, बिल, विश्वकर्मा किंवा कामगार कार्ड, आणि पी.एफ. नंबर. बिल नसेल तर मालकीचं प्रतिज्ञापत्र आणि ज्याच्याकडे काम केलं त्या मालकाचं पत्र जोडा. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, एक-दोन तारखा जातात. मग जातमुचलका, कधी जामीनदार, आणि अटी : विकायचं नाही, बोलावल्यावर हजर करायचं.

सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पडून राहू नयेत, पंधरा दिवस ते एक महिना एवढाच फार तर काळ. नव्या संहितेत कोर्टाने चौदा दिवसांत वस्तूंचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, असं आहे. फोटो हाच पुढे पुरावा धरता येतो, त्यामुळे "ड्रिल पुरावा आहे, देता येणार नाही" हे उत्तर टिकत नाही. अर्जात हे लिहाच : हे सामान हाच माझा रोजगार आहे, रोज इतकं नुकसान होतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना मोफत वकील मिळतो. फोन १५१००. पोलिसांनी नोंदच केली नाही आणि अधीक्षकांकडूनही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यापुढे खासगी अर्ज किंवा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात याचिका, इथे मात्र वकिलाशिवाय जाऊ नका.

उधारीच्या भांडणात सामान अडकलं तर

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. घरमालक आणि मिस्त्री यांचं पैशावरून बिनसतं. "ॲडव्हान्स घेऊन काम अर्धं टाकलं" म्हणून मालक ठाण्यात जातो, मिस्त्रीला बोलावणं येतं आणि "पैसे दे, मग मशीन ने" असा निवाडा तिथेच होतो. आपल्याकडे लोक हे मुकाट सोसतात, कारण चूक थोडी आपलीही आहे असं वाटतं.

चूक असेल नसेल, पण पोलीस कुणाची वसुली करत नाहीत. दिवाणी न्यायालयाने तुमच्याविरुद्ध हुकूमनामा दिला, तरीसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. ब्रिटिश काळापासून, १९०८ पासून, हे लिहिलेलं आहे. सुताराची पटाशी घेतली तर तो कर्ज फेडणार कशाने, एवढा साधा विचार त्यामागे आहे. जे न्यायाधीश करू शकत नाही, ते ठाण्यातल्या टेबलावर होऊ शकत नाही. फसवणुकीचा गुन्हा खरंच नोंदवला असेल, तरी तुमचा ग्राइंडर त्या गुन्ह्याशी कसा जोडलेला आहे हे त्यांना लिहावं लागेल. ठाण्यात तडजोडीच्या कागदावर सही करू नका. "वकिलाशी बोलून उद्या कळवतो" म्हणा, आणि कलम ६० चा उल्लेख करून वरचाच अर्ज द्या. मालकाकडून घेतलेला ॲडव्हान्स आणि झालेल्या कामाचं माप एका कागदावर लिहून त्याची सही आधीच घेतलेली असेल, तर हे भांडण बहुतेक ठाण्यापर्यंत जातच नाही.

निवडणुकीच्या दिवसांत

आचारसंहितेत नाक्यांवर वेगळी पथकं असतात. पेटीबंद नवी मशीनं, शिलाई मशीन, पंखे नेत असाल तर ते मतदारांना वाटायचं सामान वाटू शकतं. बिल गाडीत ठेवा. मजुरी वाटायला ५०,००० पेक्षा जास्त रोकड नेत असाल तर बँकेतून काढल्याची नोंद जवळ ठेवा. पकडलं तर जिल्हा पातळीवर तीन अधिकाऱ्यांची तक्रार निवारण समिती असते, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी तिच्यात असतात. एफआयआर नसेल आणि उमेदवाराशी संबंध दिसत नसेल तर ती सामान आणि पैसे सोडते. थेट तिच्याकडे जा, ठाण्याच्या फेऱ्या मारू नका.

सामान परत घेताना

आदेश घेऊन ठाण्यात गेलात की पावतीवर लगेच सही करू नका. आपली यादी बाहेर काढा आणि एकेक वस्तू ताडून बघा : सिरियल नंबर तोच आहे का, ड्रिलचा चक आहे का, चार्जर आहे का, पटाशीच्या मुठीवरची खूण तीच आहे का. काही कमी असेल किंवा मोडलं असेल तर पावतीवर तसं लिहा आणि मगच सही करा. सॉकेट दिसला तर मशीन तिथेच फिरवून बघा.